धाप लागली की नाक थांबतं: कोकणच्या दमट हवेतले श्वानखेळ

कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, आणि तोही अंग थंड ठेवण्यापुरता नाही. आतली उष्णता बाहेर टाकायची त्याची खरी सोय म्हणजे धाप. जीभ बाहेर, तोंड उघडं आणि मिनिटाला तीनशेच्या आसपास उथळ श्वास. नाकातल्या नि तोंडातल्या ओलाव्याची वाफ होते आणि वाफेबरोबर उष्णता निघून जाते. देशावर एप्रिलात पारा चाळिशीला टेकला तरी हवा कोरडी असल्यामुळे ही वाफ चटकन होते. त्याच दिवशी अलिबाग, गुहागर, मालवण इथे पारा ३३-३४च्या पुढे सहसा जात नाही, पण हवा आधीच पाण्याने भरलेली असते. कुत्रा धापा टाकत राहतो आणि थंड मात्र होत नाही. पुण्यातल्या क्लबचं सरावाचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालवलं की जे बिघडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. थर्मामीटरवरचा आकडा पाहून ते कळत नाही.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. पळापळीच्या खेळात ते काही मिनिटांतच अंशभर चढतं. पण तब्येत बिघडायच्या कितीतरी आधी एक गोष्ट बिघडते, ती म्हणजे नाक.

हुंगताना कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा छोटे श्वास आत ओढतो. बाहेर जाणारी हवा नाकपुडीच्या कडेच्या चिरेतून बाजूला नि मागे फेकली जाते, त्यामुळे समोरचा वास उधळत नाही. आत गेलेल्या हवेचा एक भाग नाकाच्या पार मागच्या, वास ओळखणाऱ्या कप्प्यात जाऊन तिथे रेंगाळतो. धाप लागली की हवा मुख्यतः तोंडावाटे जा-ये करू लागते आणि हा सगळा बंदोबस्त कोलमडतो. गाझित आणि टर्केल या इस्रायली संशोधकांनी २००३ साली स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांना आधी दमवून मग शोधाला लावलं. धापेचा वेग जितका जास्त, तितकी शोधातली कामगिरी खालावलेली दिसली. सरावाने कुत्री अशा श्रमांशी जुळवून घेऊ शकतात, हेही त्याच प्रयोगात दिसलं. मात्र तो सराव मुद्दाम द्यावा लागतो.

म्हणून कोकणात श्वानखेळ सुरू करणाऱ्याने ॲजिलिटीच्या, म्हणजे अडथळे पार करत धावायच्या खेळाच्या, उड्यांपासून नव्हे, वास शोधण्याच्या खेळापासून, म्हणजे सेंट वर्कपासून सुरुवात करावी. पडवीत, ओटीवर, पंख्याखाली, मुसळधार पावसातही हा खेळ होतो. जातिवंत कुत्रा लागत नाही. आपला आखूड केसांचा, लांब तोंडाचा गावठी कुत्रा उकाडाही चपट्या तोंडाच्या पगपेक्षा कितीतरी चांगला सोसतो. म्हाताऱ्या किंवा तीन पायांच्या कुत्र्यालाही हा खेळ जमतो.

स्पर्धांमध्ये खाऊ शोधायचा नसतो, ठरलेला वास शोधायचा असतो. अमेरिकन केनेल क्लबने २०१७ पासून चार वास ठेवले आहेत: बर्च नावाचं झाड, बडीशेपेच्या जातीचा ॲनिस, लवंग आणि सायप्रस हे सूचिपर्णी झाड. यातले पहिले तीन वेगळ्या रूपात कोकणातल्या घरात आधीपासूनच नांदत असतात. लवंग मसाल्याच्या डब्यात असते, आणि नारळी-पोफळीच्या बागेत दालचिनी-जायफळाच्या शेजारी तिचं झाडही असतं. ॲनिसच्या वासातला मुख्य घटक ॲनेथोल बडीशेपेतही असतो. गोड बर्चच्या तेलात बहुतांश मिथाइल सॅलिसिलेट असतं, आणि आजीच्या गुडघ्यावर चोळायच्या बामाला त्याचाच वास येतो. कुत्रा लपवलेली डबी सोडून मसाल्याच्या फडताळापुढे बसला तर तो चुकलेला नाही. चूक मांडणाऱ्याची आहे. सुरुवातीला वास एकच निवडावा आणि त्या वासाच्या वस्तू खोलीबाहेर न्याव्यात. ही तेलं कुत्र्याच्या पोटात जाता कामा नयेत. मिथाइल सॅलिसिलेट त्याच्यासाठी विष आहे.

वासाची तयारी अशी. काचेच्या छोट्या बरणीत कान साफ करायच्या वीस-पंचवीस काड्या अर्ध्या कापून टाकायच्या. कागदी रुमालाच्या तुकड्यावर तेलाचे दोन थेंब घालून तो तुकडा त्याच बरणीत ठेवायचा आणि झाकण लावून दिवसभर तशीच राहू द्यायची. काड्यांवर थेट तेल ओतलं तर वास इतका उग्र होतो की खोलीभर पसरतो आणि कुत्र्याला उगम सापडत नाही. शोधासाठी एकच काडी घ्यायची, झाकणाला भोकं पाडलेल्या छोट्या पत्र्याच्या डबीत ठेवायची. काडी चिमट्याने उचलायची, बोटांनी नाही.

पहिले काही दिवस मात्र वास नाही, फक्त खाऊ. सारखे दिसणारे पाच-सहा खोके हातभर अंतराने उघडे मांडायचे आणि एकात उकडलेल्या कोंबडीचे चण्याएवढे तुकडे टाकायचे. सुकट-बोंबलाचं आकर्षण जबरदस्त असतं, पण मीठ फार, म्हणून ती नको. हापूसचे रिकामे खोके चालतात, फक्त सगळे एकाच वयाचे हवेत. पाच जुने आणि एक नवा असेल तर कुत्रा कोंबडीऐवजी नवेपणाच हुंगायला शिकतो. तसंच, खाऊ ठेवताना एकाच खोक्याला हात लागला तर तो तुमच्या हाताचा वास शोधू लागतो. सगळे खोके सारखेच हाताळावेत.

कुत्र्याला सोडायचं आणि गप्प उभं राहायचं. बोट दाखवायचं नाही, "इथे बघ, इथे बघ" म्हणायचं नाही. त्याने नाक योग्य खोक्यात घातलं की तो तिथे खात असतानाच वरून आणखी दोन तुकडे टाकायचे. बक्षीस वासाच्या जागीच मिळालं पाहिजे. "शाब्बास" म्हणून जवळ बोलावून हातावर दिलं तर त्याच्या लेखी बक्षीस वास शोधल्याचं नसतं, तुमच्याकडे आल्याचं असतं. एका वेळी तीन-चार शोध, प्रत्येक मिनिटाभराच्या आत, आणि अजून उत्साह असतानाच थांबायचं.

मग वासाची डबी खाऊच्या शेजारी त्याच खोक्यात ठेवायची. काही दिवसांनी खोक्यात फक्त डबी राहते आणि खाऊ सापडल्यावर वरून येतो. ही पायरी घाईने ओलांडली की कुत्रा खोक्यांमधून भराभर फिरतो, काही न सापडल्यासारखा तुमच्या तोंडाकडे पाहतो आणि मग कुठल्याही खोक्यापुढे बसून बघतो. तसं झालं तर चार दिवस मागे जाऊन खाऊ नि वास पुन्हा एकत्र ठेवणं हाच इलाज.

इथली एक खास अडचण मुंग्यांची. अंगणात खाऊ घातलेला खोका पाच मिनिटं तसाच ठेवला तर तांबड्या मुंग्या हजर. एकदा नाकाला चावल्या की कुत्रा खोक्यांनाच बिचकतो. खाऊ शोधाच्या अगदी आधी ठेवावा. पावसाळ्यात पुठ्ठा सर्द होतो, बुरशीचा वास धरतो. तेव्हा आइस्क्रीमचे रिकामे डबे बरे, गरम पाण्याने धुऊन उन्हं पडतील तेव्हा वाळवलेले.

बाहेर आल्यावर वारा समजून घ्यावा लागतो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, आणि उन्हं वर आली की दुपारच्या आधीच खारा वारा समुद्राकडून आत येऊ लागतो. वास डबीपाशी अरुंद आणि पुढे रुंद होत वाऱ्याबरोबर पसरतो. त्या पट्ट्यात शिरल्यावर कुत्र्याचं डोकं झटकन वळतं, शेपटीची हालचाल बदलते आणि तो नागमोडी फिरत उगमाकडे जातो. ती वळणाची जागा टिपणं हे हँडलरचं, म्हणजे कुत्र्याला शोधाला लावणाऱ्या माणसाचं, निम्मं काम. दोन वाऱ्यांच्या मधे हवा पडलेली असते तेव्हा वास डबीभोवती साचतो आणि कुत्रा गोल-गोल घुटमळतो. त्याला तो गोंधळला असं समजू नये. काठीला बांधलेला सावरीच्या कापसाचा पुंजका हवेची दिशा आपल्याला दाखवतो.

सगळ्यात चिवट चूक मात्र माणसाकडून होते. २०११ साली लिसा लिट आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात कुत्रा आणि हँडलर अशा १८ प्रशिक्षित जोड्यांना अशा खोल्यांमध्ये पाठवलं जिथे शोधण्यासारखा वास ठेवलेलाच नव्हता. हँडलरना मात्र वास असू शकतो असं सांगितलं होतं, आणि काही ठिकाणी खुणेचा लाल कागदही लावला होता. १४४ पैकी फक्त २१ शोध "इथे काही नाही" असे निर्दोष निघाले. कुत्री हँडलरच्या पावलांवर नि नजरेवर जात होती, किंवा हँडलरला नसलेला इशारा दिसत होता. म्हणून डबी कुठे आहे हे तुम्हाला माहीत नसलेले शोध लवकर सुरू करावेत. घरातल्या कुणालाही लपवायला सांगावं आणि अधूनमधून काहीच लपवू नये.

स्पर्धेच्या पहिल्या पातळीवर, अमेरिकन नियमांनुसार, दहा डबे असतात, त्यांत बर्च एकाच डब्यात, आणि वेळ दोन मिनिटं. कुत्र्याने दाखवलं की हँडलरने तोंडाने तसं जाहीर करायचं. एक चुकीची घोषणा झाली की शोध बाद. दोन मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, पण तयार कुत्रा अर्ध्या मिनिटात संपवतो. उरलेला वेळ हँडलरच्या संशयात जातो.

ॲजिलिटी करायचीच असेल तर जरूर करा, पण ऑक्टोबरची हीट ओसरल्यावर आणि उजाडता उजाडता. हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात मधल्या वेळेची करमणूक म्हणून दाखवला गेला आणि तिथून फोफावला. एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत मैदान किमान २० बाय ४० मीटर लागतं आणि अडथळे १५ ते २२. खांद्याशी ४८ सेंटिमीटर किंवा जास्त उंचीच्या कुत्र्याला ५५ ते ६० सेंटिमीटरची उडी असते. स्पर्धेत उतरण्याचं किमान वय १८ महिने, आणि ते उगाच नाही: हाडांच्या टोकांचे वाढीचे पट्टे तोवर पूर्ण मिटलेले नसतात. त्याआधी उडीची आडवी दांडी जमिनीवर किंवा फार तर घोट्याएवढी ठेवायची. दांडी धक्क्याने पडलीच पाहिजे. दोरीने बांधलेली दांडी कुत्र्याला पाडते. वीव्हचे, म्हणजे कुत्र्याने नागमोडी जायच्या अडथळ्याचे, बारा खांब ६० सेंटिमीटर अंतरावर, आणि पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी येईल असा प्रवेश. खांबांना पीव्हीसी पाइप पुरतो.

जागेची निवड इथे अवघड आहे. जांभ्यावर गाद्या सोलवटतात, आणि पावसानंतर त्यावर शेवाळ धरलं की पाय सरकतो. सुक्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि उडीला जोर लावताना स्नायू नि कंडरा दुखावतात. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू त्यातल्या त्यात बरी, फक्त कुत्रा खारं पाणी पिणार नाही हे पाहावं. त्याने जुलाब नि उलट्या होतात. गोडं पाणी सोबत हवंच. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून फिरवणं टाळावं आणि लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नये.

जीभ रुंद होऊन टोकाशी वळू लागली, लाळ चिकट झाली, सावलीत दोन-तीन मिनिटांनंतरही धाप उतरली नाही, तर त्या दिवसाचा सराव संपला. झोकांड्या, उलटी, बावचळलेली नजर दिसली आणि ताप ४१च्या घरात असेल तर तो उष्माघात. आधी थंड करायचं, मग डॉक्टरकडे धावायचं: सबंध अंगावर, पोटाखाली, जांघेत विहिरीचं पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओलं गोणपाट गुंडाळून ठेवू नये, आत उष्णता कोंडते. पॅरासिटॅमॉल तर नाहीच; हा ताप त्याने उतरत नाही आणि कुत्र्याच्या यकृतालाही धोका असतो.

वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्लं निघतात. वास शोधायला शिकवलेला कुत्रा वाळूखालचं घरटं सहज हुडकतो आणि उकरतो. त्या महिन्यांत पुळणीवर कुत्रा दोरीवरच ठेवायचा, आणि वासाचा सराव सुरूच्या बनाच्या आतल्या बाजूला.