कोंबड्यांचं आंबोण: भिजवून आंबवलेल्या दाण्यात नक्की काय होतं

आमच्याकडं गाईला आंबोण ठेवायची पद्धत जुनी आहे, पेंड, भुसा, डाळीची चुणी रात्री भिजत घालायची आणि सकाळी धार काढताना तिच्या पुढ्यात ठेवायची. कोंबड्यांसाठी मात्र असं कुणी केलेलं मी लहानपणी बघितलं नाही. सकाळी खुराडं उघडलं की मूठभर ज्वारी नाहीतर कण्या अंगणात फेकायच्या, बाकी त्या दिवसभर उकिरडा उकरून आपलं बघून घ्यायच्या. आता परसात १२ कोंबड्या आहेत, काही गावरान, काही गिरीराज, आणि गेली दोन वर्षं त्यांचा दाणा मी आंबवून देतोय. याबद्दल मोबाईलवर बरंच फिरतं, अंडी दुप्पट होतात, कोंबडी आजारीच पडत नाही वगैरे. तसं काही होत नाही. पण जे होतं ते खरंच भारी आहे, आणि ते का होतं हे समजलं की करतानाच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

मुळात कोंबडीला दात नाहीत. दाणा टिपला की तो आधी गळ्याखालच्या पिशवीत जातो, संध्याकाळी खुराड्यात शिरताना छातीच्या वर जो टम्म फुगा दिसतो ना, तीच ती. तिथं दाणा भिजतो, मऊ होतो आणि मग पुढं पेठ्यात जातो, कलेजी-पेठ्यातला तो पेठा, जाड स्नायूंचं जातंच ते, आणि कोंबडीनं गिळलेले बारीक खडे त्या जात्याचे दगड. म्हणजे भिजवण्याचं काम कोंबडीच्या अंगात निसर्गानं आधीच ठेवलंय. आपण बादलीत दाणा भिजवतो तेव्हा तेच काम जास्त वेळ देऊन बाहेर करून घेतो.

दाण्याच्या सालीवर आंबटपणा तयार करणारे जिवाणू आधीपासूनच असतात, लॅक्टोबॅसिलस आणि त्यांचे भाऊबंद, इडलीच्या पिठात आणि दह्यात असतात त्याच गोतावळ्यातले. पाण्याखाली हवा कमी मिळते, बाकीचे जिवाणू मागं पडतात आणि हे वाढत सुटतात, दाण्यातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात आणि दोनेक दिवसांत पीएच (आंबटपणाचं माप, जितका खाली तितकं आंबट) साधारण साडेचारच्या आसपास किंवा त्याखाली येतो. एवढ्या आंबट पाण्यात साल्मोनेलासारख्या पोट बिघडवणाऱ्या जंतूंना वाढणं फार अवघड जातं. पहिल्या काही तासांत मात्र आंबटपणा पुरेसा नसतो, म्हणून नुसतं अर्धवट भिजलेलं, कोमट, दिवसभर उन्हात राहिलेलं खाद्य हे आंबवलेलं नव्हे, ते धोक्याचं. एक तर ताजं भिजवून लगेच द्या नाहीतर नीट आंबू द्या.

दुसरी गंमत फॉस्फरसची. धान्यात फॉस्फरस असतो पण त्यातला साधारण दोन तृतीयांश फायटेट नावाच्या रूपात कुलूपबंद असतो, आणि कुलूप उघडायची किल्ली म्हणजे फायटेज नावाचं एन्झाइम, ते कोंबडीकडं फारच थोडं. त्यामुळं बराचसा फॉस्फरस विष्ठेतून निघून जातो, शिवाय फायटेट जाताना कॅल्शियम, झिंक, लोह असं बरंच काही बांधून सोबत नेतं. गव्हात आणि गव्हाच्या कोंड्यात मात्र हे एन्झाइम स्वतःचंच भरपूर असतं आणि ओल व आंबटपणा मिळाला की ते कामाला लागतं. मक्यात ते कमी. म्हणून मी मक्याच्या भरड्यात मूठभर का होईना गव्हाचा कोंडा घालतोच.

आता ती पोटातल्या जिवाणूंची गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते. १९७१ मध्ये फिनलंडमध्ये कोंबड्यांत साल्मोनेलाची मोठी साथ आली होती. त्यानंतर नुर्मी आणि रांताला या दोन संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवलं की अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना मोठ्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पाजले तर साल्मोनेला त्यांच्या पोटात पाय रोवू शकत नाही. जागाच शिल्लक राहत नाही त्याला. खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून आईसोबत उकरत, तिची विष्ठा टोचत हिंडतं, त्याला हे जिवाणू फुकट मिळतात. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला आईच नसते, त्याचं पोट रिकाम्या घरासारखं, पहिला जो शिरेल तो मालक. आंबवलेलं खाद्य काही आई कोंबडीची जागा घेत नाही पण चांगले जिवाणू आणि आंबटपणा दोन्ही रोज पोटात जातात, गळ्याची पिशवी आणि पेठा आंबट राहतो आणि वाईट जंतूंना पुढं सरकायला त्रास होतो, एवढं नक्की.

मग अंडी? डेन्मार्कमध्ये एक चांगला प्रयोग झाला होता, २००९ साली छापून आला. १६ ते ३८ आठवडे वयाच्या कोंबड्यांना आंबवलेलं आणि कोरडं खाद्य देऊन तुलना केली. अंड्यांच्या एकूण संख्येत फरक पडला नाही. पण कोरड्या वजनात मोजलं तर आंबवलेलं खाणारी कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खात होती आणि कोरडं खाणारी १२५ ग्रॅम, नंतरच्या आठवड्यांत अंडं थोडं वजनदार झालं आणि कवचही मजबूत. म्हणजे फायदा आहे तो खाद्याच्या खर्चात आणि अंड्याच्या दर्जात. त्याच प्रयोगात हेही दिसलं की सुरुवातीला कोंबड्यांनी ते खाद्य नीट खाल्लंच नाही, वजन मागं पडलं, आणि त्या गटात मारामाऱ्या जास्त होत्या, पिसंही खराब झाली. हा भाग सहसा कुणी सांगत नाही आणि तो सांगायलाच पाहिजे. माझ्याकडंही पहिले चार दिवस त्या पातेल्याकडं नुसत्या बघत होत्या, मग मी निम्मं कोरडं निम्मं ओलं करून आठवडाभरात वळवलं आणि भांडी एकाऐवजी तीन लांब लांब ठेवली, त्यानं टोचाटोची बरीच कमी झाली.

कृतीत फार काही नाही. माझ्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात म्हणून १२ जणींना रोज पाऊण किलो कोरडा दाणा पुरतो, बंद ठेवलेल्या असतील तर एकीला १०० ते १२० ग्रॅम धरा. मका भरडा, ज्वारी, कोंडा, थोडी सोयाबीन पेंड, हे प्लास्टिकच्या बादलीत किंवा चिनी मातीच्या बरणीत घालून दाण्याच्या वर दोन-तीन बोटं पाणी येईल असं भिजवायचं, दाणा फुगून वर आला की आणखी पाणी. तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबट पाणी धातू खातं. नळाचं पाणी क्लोरीनचं असेल तर रात्रभर उघडं ठेवा. झाकण सैल, कारण गॅस सुटतो. दिवसातून दोनदा ढवळायचं. उन्हाळ्यात एक दिवस, थंडीत तीन, आणि पुढच्या घाण्याला आधीचं वाटीभर पाणी विरजणासारखं घातलं की काम लवकर होतं. वास ताकासारखा, इडलीच्या पिठासारखा यायला हवा. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर ते बहुतेक यीस्ट, काढून टाका. हिरवं, काळं, गुलाबी, केसाळ काही दिसलं किंवा कुजका वास आला तर सगळंच्या सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

एक चूक मी स्वतः महिनाभर केली. शिंपल्यांचा चुरा बादलीतच टाकत होतो, म्हटलं एकत्रच जाऊ दे पोटात. खाद्य आंबतच नव्हतं, वास भलताच यायचा. शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते आम्लाला मारतं, ॲसिडिटीवर आपण घेतो त्या गोळीसारखं, मग पीएच खाली येणार कसा. शिंपले वेगळ्या वाडग्यात ठेवा, आणि ठेवाच, कारण एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं आणि कवच बनायला वीसेक तास लागतात, त्यातले बरेचसे रात्रीचे. म्हणून संध्याकाळी अंड्यावरच्या कोंबड्या आपणहून त्या वाडग्याकडं जातात, बघत बसण्यासारखं असतं ते.

एप्रिल-मे मध्ये या ओल्या खाद्याचा वेगळाच उपयोग होतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते, धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारा कच्चा मालच तुटतो, म्हणून उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची. ओल्या दाण्यातून पाणी तरी पोटात जातं. फक्त उन्हाळ्यात एका तासात संपेल एवढंच वाढा, माशा फार लवकर येतात.

आणि दोन गोष्टी आंबवून सुधारत नाहीत. पावसाळ्यात बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, त्या बुरशीचं अफलाटॉक्सिन नावाचं विष आंबवल्यानं खात्रीनं जात नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले, शोध घेतल्यावर कारण निघालं शेंगदाण्याची पेंड, आणि अफलाटॉक्सिन जगाला कळलं ते तेव्हा. दुसरी गोष्ट मानमोडी, म्हणजे राणीखेत. तो विषाणू आहे, आंबटपणानं थांबणारा नव्हे, त्याला लसच. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, पुढचे डोस गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. पिल्लांना आंबवलेलं द्यायचं असेल तर त्यांचा स्टार्टरच, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्यच भिजवा, दाण्याचं मिश्रण नको, त्यांना प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास लागतात, आणि सुरुवातीला अगदी चमचाभर, उथळ ताटलीत, खाली अंथरलेलं तूस ओलं झालं तर लगेच बदलून.