ईटीएफ : वैयक्तिक गुंतवणुकीसाठी निवड

शेअरप्रमाणे बाजारात दिवसभर खरेदी-विक्री होणारा, पण पोटात एखाद्या निर्देशांकातील समभाग, रोखे, सोने किंवा चांदी बाळगणारा म्युच्युअल फंड म्हणजे ईटीएफ (एक्स्चेंज ट्रेडेड फंड). तो बाजारातून घेण्यासाठी डीमॅट खाते लागते. अशा फंडांतून स्वतःसाठी कोणता निवडावा, एवढाच या नोंदीचा विषय असून उदाहरणे शक्य तेथे सोलापूरची घेतली आहेत.

उगम : पहिला ईटीएफ कोणता, याविषयी एकमत नाही. ऑक्टोबर १९८७ च्या शेअर बाजारातील पडझडीनंतर अमेरिकेत संपूर्ण निर्देशांक एकाच व्यवहारात घेता येईल अशा साधनाचा विचार बळावला. १९८९ मध्ये तेथे आलेल्या ‘इंडेक्स पार्टिसिपेशन शेअर्स’ना काही लेखक हा मान देतात. मात्र त्यांच्यामागे प्रत्यक्ष समभाग ठेवलेले नव्हते आणि न्यायालयाने त्यांना वायदे ठरवल्यावर शेअर बाजारातील त्यांचा व्यवहार थांबला. मार्च १९९० मध्ये टोरांटोच्या बाजारात आलेल्या ‘टिप्स’मागे ३५ कंपन्यांचे समभाग खरोखर जमा होते, त्यामुळे अग्रमान टोरांटोकडे जाणे अधिक सयुक्तिक दिसते. जानेवारी १९९३ मधील अमेरिकेचा ‘स्पायडर’ पहिला नसला, तरी सर्वांत यशस्वी ठरला. त्याच्या जनकांपैकी नेथन मोस्ट यांना ही कल्पना गोदाम पावतीवरून सुचली, असे सांगतात : माल गोदामातून हलत नाही, हात बदलते ती पावती. शीतगृहात बेदाणा ठेवणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातील बागायतदाराला हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

भारतात बेंचमार्क म्युच्युअल फंडाचा ‘निफ्टी बीज’ डिसेंबर २००१ च्या अखेरीस सुरू झाला आणि जानेवारी २००२ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदला गेला. सोन्याच्या ईटीएफबाबतचा वाद जवळचा आहे. बेंचमार्कने तसा प्रस्ताव २००२ मध्येच सेबीकडे (भांडवल बाजाराच्या नियामकाकडे) दिला होता. प्रत्यक्षात पहिला फंड २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात निघाला आणि ‘गोल्ड बीज’ला २००७ उजाडले. कल्पनेचे श्रेय भारताला, अंमलाचे ऑस्ट्रेलियाला, अशी विभागणी न्याय्य वाटते. चांदीचे ईटीएफ भारतात २०२२ पासून आहेत.

निवडीचे निकष : बहुतेक मार्गदर्शने खर्चाच्या प्रमाणापासून (फंड कंपनी दरवर्षी कापून घेते त्या टक्केवारीपासून) सुरुवात करतात. निफ्टी ५० सारख्या रुळलेल्या निर्देशांकात मात्र हा फरक आता फार उरलेला नाही. एक लाख रुपयांवर ०.०५ टक्का म्हणजे वर्षाला ५० रुपये. तोच ईटीएफ मूळ मूल्यापेक्षा दोन टक्के चढ्या भावाने घेतला, तर सुमारे दोन हजार रुपये पहिल्याच दिवशी अडकतात. म्हणून बाजारभाव आणि निव्वळ मालमत्ता मूल्य (हेच ते मूळ मूल्य : फंडाकडील मालमत्तेची दर युनिटमागची किंमत) यांतील अंतर हाच निकष येथे आधी मांडला आहे. फंड कंपनी दिवसभर सूचक मूल्य (आयनॅव्ह) जाहीर करते. ते पाहून, बाजार उघडल्यानंतरची आणि बंद होण्यापूर्वीची काही मिनिटे टाळून, ‘मार्केट’ (मिळेल त्या भावाच्या) ऐवजी ‘लिमिट’ (आपण ठरवलेल्या भावाची) ऑर्डर टाकणे इष्ट.

हे अंतर एरवी बडे मध्यस्थ नवी युनिट काढून किंवा मोडून मिटवतात. ती वाट अडली की भाव सुटतो. परदेशी निर्देशांकांच्या ईटीएफमध्ये विदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळे हे वारंवार घडले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, चांदीचा तुटवडा पडल्याने चांदीचे ईटीएफही मूळ मूल्याच्या बरेच वर गेले आणि काही कंपन्यांनी त्यांवर आधारित फंडांत एकरकमी पैसे घेणे थांबवले.

दुसरा निकष रोजच्या उलाढालीचा. तिसरा ट्रॅकिंग डिफरन्स, म्हणजे निर्देशांकाचा परतावा आणि फंडाचा परतावा यांतील प्रत्यक्ष फरक; खर्च त्यातच येऊन जातो. ट्रॅकिंग एरर हे त्या फरकाच्या चढ-उताराचे माप असून दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. समभाग ईटीएफसाठी सेबीने ट्रॅकिंग एररची मर्यादा दोन टक्के ठेवली आहे.

सोलापूरचा संदर्भ : एकाच उद्योगात सारे अडकण्याचे उदाहरण शहरातच आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची (जुनी मिल, स्थापना सामान्यतः १८७७ धरतात) गिरणी १९४९ मध्ये बंद पडली. पुढच्या वर्षी सरकारने व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि भागधारकांकडे शेअरची भरायची उरलेली रक्कम मागण्यात आली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला व डिसेंबर १९५३ मध्ये निकाल भागधारकाच्या बाजूने लागला. आजही चादर-टॉवेलच्या धंद्यावर ज्याचे घर चालते, त्याने कापड उद्योगाचेच शेअर घेण्यापेक्षा व्यापक निर्देशांक घेणे बरे. निफ्टी ५० मध्ये वस्त्रोद्योगाचा वाटा नगण्य आहे.

सोन्याचे तसे नाही. लग्नासाठी दागिना लागतो, आणि तो ईटीएफच्या युनिटातून घडत नाही. बचत म्हणून वळी घेणाऱ्याला मात्र ईटीएफमध्ये सराफाकडील ३ टक्के जीएसटी लागत नाही, शिवाय काही योजनांचे एक युनिट जेमतेम ०.०१ ग्रॅमचे असल्याने भिशीच्या हप्त्याइतक्या रकमेतही खरेदी होते.

करआकारणी : समभाग ईटीएफ एक वर्षानंतर विकल्यास सव्वा लाखावरील नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी २० टक्के (२३ जुलै २०२४ पासून). सोन्याच्या ईटीएफला वर्षानंतर १२.५ टक्के लागतो, पण सव्वा लाखाची सूट नाही.