दाहशामक वेदनाहर औषधे : संधिवातातील सुरक्षित वापर (बेळगाव सीमाभाग)

दाहशामक वेदनाहर औषधे : सांध्यांची सूज, ठणका आणि ताठरपणा कमी करणारी, स्टिरॉइड नसलेली औषधे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन, इंडोमेथासिन, पायरॉक्सिकॅम, सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिब ही त्यांतली नेहमीची नावे. ॲस्पिरिनही याच कुळातले. पॅरासिटामॉल या गटात धरत नाहीत. त्याने दुखणे आणि ताप उतरतो, सूज फारशी उतरत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठी पट्ट्यात मात्र या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे : ‘दुखण्याची गोळी’. कन्नड शेजारी ‘नोविन गुळगी’ म्हणतात. पाच-सहा वेगवेगळी औषधे एकाच नावाने ओळखली जातात आणि उलट एकच औषध पाच-सहा नावांनी विकले जाते. या भागातले बहुतेक अपाय टाळायचे तर आधी हा गोंधळ समजून घ्यावा लागतो.

खानापूर तालुक्यात पावसाळ्यात भाताची रोपलावण दिवसभर चिखलात वाकून चालते. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसलेल्या असतात. बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात यंत्रमागापुढे उभे राहून पाळी भरायची, चिकोडी-रायबागकडे ऊस तोडायचा. गुडघ्याची झीज वय, वजन आणि जुन्या दुखापतीने होते, तशी अशा वाकण्या-बसण्याच्या कामानेही वाढते. बुडालेली मजुरी परवडत नाही, म्हणून सकाळी गोळी घेऊन शेत गाठायचे ही इथली रीत आहे. ती चूक म्हणून झिडकारण्यापेक्षा ती गोळी कशी घ्यावी हे सांगणे अधिक उपयोगाचे.

या भागातल्या कुठल्याही घरात सापडेल असा एक डबा डोळ्यांपुढे आणावा. आज्जींचा, स्टीलचा, झाकण थोडे चेपलेले. आत कापून आणलेल्या पट्ट्या. एक गुडघ्यासाठी बेळगावच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली : ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र. दुसरी लेकीकडे मिरजेला गेल्यावर तिथल्या दवाखान्यातली : डायक्लोफिनॅक. तिसरी कंबर धरली तेव्हा मेडिकलमधून तशीच आणलेली : आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. शिवाय रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम. आज्जींच्या हिशेबात पांढरी गुडघ्याची, केशरी सांध्यांची आणि गुलाबी कंबरेची. प्रत्यक्षात या तिन्ही गोळ्या एकच काम करतात. तिन्ही घेतल्या तर आराम तिप्पट होत नाही, अपाय मात्र वाढत जातो. पॅरासिटामॉलही नकळत दोनदा पोटात जाते. दोन्ही राज्यांतले डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात; एकाने दिलेले दुसऱ्याला दिसत नाही एवढेच. म्हणून सगळा डबा पिशवीत घालून दवाखान्यात न्यावा, नुसती चिठ्ठी नेऊन भागत नाही.

या गोळ्या काय करतात हे १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिले आणि त्या कामासाठी १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळाले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सांध्यात ती सूज आणि ठणका आणतात. या गोळ्या ती बनवणारे विकर (कॉक्स नावाचे एन्झाइम) अडवतात. पण हीच द्रव्ये जठराचे अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवतात. सांध्यापुरते अडवा आणि बाकीचे सोडा, असे गोळीला सांगता येत नाही. सेलेकॉक्सिब व एटोरिकॉक्सिब ही औषधे मुख्यतः कॉक्स-२ या प्रकारावर काम करतात, त्यामुळे ती पोटाला तुलनेने सौम्य आहेत. मूत्रपिंडाला आणि हृदयाला ती सौम्य नाहीत.

जठर : ‘रिकाम्या पोटी घेऊ नको’ हा सल्ला घरोघरी ठाऊक आहे आणि तो पाळावाही, कारण त्याने मळमळ व जळजळ कमी होते. पण जेवणाने अल्सर टळतो असे मानणे चुकीचे आहे. गोळी अस्तराला वरून चिकटते म्हणून जेवढी बाधते, त्याहून जास्त ती रक्तात गेल्यावर अस्तराचे संरक्षण काढून घेते म्हणून बाधते. म्हणूनच ‘गोळी नको, पोट बिघडतं, सुई द्या’ हा आग्रहही फसवा आहे. कमरेत घेतलेले डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन रक्तातूनच जठरापर्यंत पोचते. चुकीच्या जागी टोचले तर पायाची शीर दुखावते, ती गोष्ट आणखी वेगळी.

अल्सर दर वेळी दुखून सांगत नाही. दुखणे दाबणारे औषध पोटात असताना तर नाहीच. अनेकांना पहिली सूचना मिळते ती डांबरासारख्या काळ्या, चिकट, घाण वासाच्या शौचाने, किंवा कॉफीच्या गाळासारख्या उलटीने. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ते डांबरासारखे चिकट नसते आणि तसा वासही मारत नाही. शंका आली तर गोळी बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चक्कर, घाम, छातीत धडधड असेल तर रात्रीसुद्धा सकाळची वाट पाहू नये. वय ६५ च्या पुढे, आधी कधी अल्सर झालेला, सोबत ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारे वॉरफरिन किंवा स्टिरॉइड चालू, यांपैकी एकही गोष्ट असेल तर डॉक्टर सोबत ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल देतात. ही गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. आम्ल कमी करणारी ही गोळी जठराला वाचवते, मूत्रपिंडाला तिचा काही उपयोग नाही.

गावठी पुडीचा उल्लेख इथे करणे भाग आहे. सांधेदुखीवर ‘एका पुडीत गुण’ म्हणून मिळणाऱ्या काही चूर्णांत डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे देशात वारंवार आढळले आहे. दोन दिवसांत झटकन उतार पडला, भूक वाढली, चेहरा भरला, की संशय घ्यावा. स्टिरॉइड आणि दुखण्याची गोळी एकत्र आल्या की अल्सरचा धोका अनेक पटींनी चढतो. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर ती एकदम सोडणेही घातक असते. ती डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

मूत्रपिंड व रक्तदाब : शरीरात पाणी कमी पडते तेव्हा मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिनच्या बळावर आपला रक्तपुरवठा टिकवून धरते. नेमक्या त्याच वेळी गोळी घेतली तर तो आधार जातो. उन्हात ऊस तोडताना, सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराची पायी यात्रा करताना किंवा दिंडीबरोबर पंढरपूरला चालताना पाय दुखतात म्हणून दिवसाला तीन-तीन गोळ्या घेणे आणि पाणी मात्र वाटेत लघवीला जायला नको म्हणून कमी पिणे, हे दोन्ही एकदम करणे सर्वांत वाईट. जुलाब-उलट्या होत असतील त्या दिवसांत ही औषधे पूर्ण बंद ठेवावीत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी एक आणि लघवी वाढवणारी गोळी अशा दोन्ही चालू असतील, तर त्यांच्या जोडीला तिसरी दुखण्याची गोळी आल्यावर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. मधुमेही माणसाने रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणारे द्रव्य) तपासल्याशिवाय या गोळ्या सुरू करूच नयेत. मूत्रपिंडाची गाळणक्षमता (ईजीएफआर) ३० च्या खाली असेल तर त्या टाळतात. पायांवर सूज येणे, लघवी कमी होणे, आटोक्यातला रक्तदाब वर जाणे ही थांबण्याची लक्षणे.

डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाचे काय करू शकते याचा धडा भारताला गिधाडांनी दिला. हे औषध टोचलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. त्यांच्या अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर आढळले. २००६ मध्ये जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक बंद झाले आणि माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ नयेत म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली. माणूस गिधाडाइतका हळवा नाही. तरी घरात उरलेले औषध म्हशीला देऊ नये.

हृदय : रोफेकॉक्सिब हे याच गटातले औषध हृदयविकाराचे झटके वाढवते असे दिसल्यावर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. त्यानंतरच्या अभ्यासांत कमी-जास्त प्रमाणात हा धोका जवळपास सगळ्या गटालाच असल्याचे दिसले. हृदयविकार झालेल्यांना डायक्लोफिनॅक आणि एटोरिकॉक्सिब देत नाहीत. नॅप्रॉक्सेनचा धोका त्या मानाने कमी समजतात. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने आयबुप्रोफेन आधी घेतले तर ॲस्पिरिनचे काम अडते. घ्यावेच लागले तर डॉक्टरांना विचारून, ॲस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने घ्यावे.

मात्रा : सूत्र सोपे आहे. एका वेळी या गटातले एकच औषध, भागेल तेवढीच मात्रा, लागतील तेवढेच दिवस. प्रौढांसाठी दिवसाची कमाल डायक्लोफिनॅक १५० मिलिग्रॅम, ॲसिक्लोफिनॅक २००, नॅप्रॉक्सेन १०००, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना आयबुप्रोफेन १२००. वयस्कर, बारीक अंगाच्या माणसाने याच्या बरेच खाली राहावे. पॅरासिटामॉलची मर्यादा ४ ग्रॅम आहे. वृद्ध, अशक्त किंवा दारू पिणाऱ्याला ती त्याहून कमी. गुडघा आणि हाताच्या बोटांसाठी गोळीआधी डायक्लोफिनॅकचे मलम वापरून पाहावे. त्यातून रक्तात जाणारे औषध गोळीच्या साधारण ६ टक्केच असते. दिवसातून तीन-चार वेळा हलक्या हाताने लावावे, वर गरम शेक किंवा घट्ट पट्टी नको, आणि गुण यायला आठवडाभर धीर धरावा. एकदा लावून ‘काही फरक नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. वजनाचाही हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे : १ किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे ४ किलो भार कमी होतो.

कोणता संधिवात : झिजेच्या संधिवातात गोळी लागेल तेव्हाच घेऊन चालते. आमवाताचे (रुमेटॉइड संधिवाताचे) तसे नाही. हाताच्या बोटांचे सांधे दोन्ही बाजूंना सुजणे आणि सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ मूठ न मिटणे ही त्याची खूण. दुखण्याच्या गोळीने बरे वाटते, पण सांधा आतून खराब होत राहतो आणि बरे वाटते म्हणूनच डॉक्टरकडे जायला उशीर होतो. त्याला मेथोट्रेक्सेटसारखी मूळ रोग रोखणारी औषधे लागतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेऊन माणसे दगावली आहेत. त्यासोबत दुखण्याची गोळी चालते का हे त्याच डॉक्टरांना विचारावे. पावसाळ्यात तापाबरोबर सांधे धरले तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे, कारण या गटाच्या गोळ्या रक्तस्राव वाढवतात. चिकुनगुन्याची सांधेदुखी २००६ च्या साथीपासून कर्नाटकात सगळ्यांच्या परिचयाची आहे, पण पहिल्या दिवसांत ती आणि डेंग्यू यांतला फरक घरी ओळखता येत नाही.

गरोदरपणात २० आठवड्यांनंतर ही औषधे टाळतात. दम्याच्या काही रोग्यांना एका गोळीने जोराचा झटका येतो. आधी असे झाले असेल तर या गटातली कोणतीही गोळी पुन्हा घेऊ नये.

पाकीट आणि पट्टी : सीमाभागात औषधाच्या पाकिटावरची सूचना बऱ्याचदा कन्नडमध्ये असते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ती वाचता येत नाही. ‘ऊटद नंतर’ म्हणजे जेवणानंतर, ‘ऊटद मुंचे’ म्हणजे जेवणाआधी. शाळेत कन्नड शिकणाऱ्या नातवंडाकडून ती वाचून घ्यावी आणि पाकिटावर मराठीत लिहून ठेवावी. पट्टीवरची उभी लाल रेघ म्हणजे हे औषध चिठ्ठीशिवाय विकू नये असे आहे. सुट्या गोळ्या घेताना औषधाचे नाव आणि मुदत छापलेला भाग बहुधा दुकानातच राहतो. ‘नाव माझ्याकडं राहील असं कापून द्या’ असे मेडिकलवाल्याला सांगावे. तसे कापणे जमत नसेल तर औषधाचे नाव पाकिटावर लिहून मागावे.