पाव की पाऊण : अरबी वळणाच्या वाद्यवृंदी पॉपमागचा जुना वाद

अरबी मकामांवर (आपल्या रागांसारख्या तिकडच्या स्वरचौकटींवर) बेतलेला, व्हायोलिनच्या ताफ्यासह बांधलेला पॉप अल्बम करायचा म्हटलं की संयोजकापुढे पहिला प्रश्न पियानोचा येतो. त्याच्या पट्ट्यांचे सूर पक्के ठरलेले, मकामांतले अधलेमधले सूर त्यात नाहीत. मग ठेवायचा की वगळायचा? हे भांडण कैरोत 1932 साली जाहीरपणे झालं.

त्या वसंतात राजाच्या आश्रयाने अरबी संगीताची परिषद भरली. इजिप्तमधल्या बऱ्याच मंडळींना पियानो हवा होता, तो त्यांना प्रगतीचं लक्षण वाटे. विरोध केला तो युरोपातून आलेल्या पाहुण्यांनी! सप्तकाचे चोवीस सारखे भाग करावेत, म्हणजे 'पाव सुरां'चा (पूर्ण स्वराच्या चौथाई अंतरांचा) पियानोही बसवता येईल, असा एक विचार होता. एकमत झालं नाही आणि माझ्या मते तेच बरं झालं.

कारण 'पाव सूर' हे नावच घोळात टाकणारं आहे. पाव-पाव अंतराने कोणी गात नाही. 'रास्त' मकामात षड्जापुढे एक पूर्ण स्वर, मग पाऊण, मग पुन्हा पाऊण. म्हणजे 'पाऊण सूर' म्हणणं जास्त खरं. त्यातला गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मध्ये बसतो, पण नेमका कुठे हे गावागणिक बदलतं. कैरोत तो जरा उतरलेला, अलेप्पोत जरा चढा. चोविसाच्या हिशेबात हा फरक मावत नाही. श्रुतींवरून पेटीशी भांडलेल्यांना हे सांगायला नको. आपल्याकडे सरकारी रेडिओने 1940 मध्ये पेटीच बंद केली होती.

निर्णय लटकला, वाद्यमेळ मात्र फुगत गेला. औद (छेडायचं तंतुवाद्य), कानून (स्वरमंडळासारखं), नाय (बासरी), व्हायोलिन आणि रिक (खंजिरी) एवढ्यांच्या तख्ताच्या, म्हणजे छोट्या वाद्यमेळाच्या जागी व्हायोलिनच्या रांगा, चेलो, डबल बेस आले. त्यांना पडदे नसल्याने पाऊण सूर बचावला. अकॉर्डियनचे रीड घासून ते 'मकामात' आणले गेले. 1964 मध्ये एका लांबलचक प्रेमगीताच्या सुरुवातीलाच इलेक्ट्रिक गिटार वाजली. अशा एकाच गाण्याने तबकडीच्या दोन्ही बाजू भरत, त्यामुळे सलग ऐकायचा अल्बम तिथे कोणाला शिकवावा लागला नाही.

लेबनॉनमधल्या बैरुतच्या संगीतकारांनी सोपी वाट धरली. पाऊण अंतरं नसलेले मकाम घेतले की पियानोही चालतो. पाश्चात्त्य पॉपला त्यातला 'हिजाझ' फार आवडला. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, आपल्या भैरवाचा पूर्वांगच. म्हणूनच बाहेरचं 'अरबी' बहुतेक वेळा एवढ्यावरच संपतं.

पुढे कीबोर्ड आले. बटण दाबलं की 'मी'ची, म्हणजे गंधाराची, पट्टी 50 सेंट उतरते (पूर्ण स्वराचे 200 सेंट), बरोबर पाव. शेजारचा व्हायोलिनवाला बोट किंचित सरकवून आपला वेगळा 'मी' लावतो आणि रेकॉर्डिंग पुन्हा घ्यावं लागतं.