जुने घरगुती संगणक आणि त्यांचे चाहते

साधारण १९७७ ते १९९० या काळात घरच्या टीव्हीला जोडून वापरायचे, बहुधा कीबोर्डच्याच खोक्यात सगळे सामावलेले छोटे संगणक ‘होम कॉम्प्युटर’ म्हणून विकले गेले. त्यांतल्या झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ साठी आजही नवे खेळ लिहिले जातात, नवे बोर्ड तयार होतात. मॅटेलचा अ‍ॅक्वेरियस मात्र १९८३ मध्ये आला आणि काही महिन्यांतच बंद पडला. त्याच्यावर जीव टाकणारे फार थोडे. काही यंत्रांना एवढी माया का मिळाली, याचे उत्तर ‘बालपणीच्या आठवणी’ असे दिले जाते. ते अपुरे आहे. आठवणी तर टेपरेकॉर्डरच्याही असतात, पण त्यासाठी कोणी रात्र जागून प्रोग्रॅम लिहीत नाही.

ताकद हेही कारण नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-९९/४ए मध्ये १६ बिटचा प्रोसेसर होता. पण बाहेरच्या लोकांनी त्यासाठी सॉफ्टवेअर लिहावे असे कंपनीलाच वाटत नव्हते, आणि १९८३ च्या ऑक्टोबरात तिने या धंद्यातून अंग काढून घेतले. त्याउलट एप्रिल १९८२ मध्ये आलेला सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा स्पेक्ट्रम: ३.५ मेगाहर्ट्‌झचा झेड८०ए प्रोसेसर, खोडरबरासारख्या कळा, १६ केबी (किलोबाइट) मेमरीला १२५ पौंड आणि ४८ केबीला १७५. सुरू केला की थेट बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा समोर. ओळीच्या सुरुवातीला ‘पी’ ची कळ दाबली की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटायचा. रंगांची तर गंमतच. पडद्यावरच्या ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग मावत, त्यामुळे झाडापुढून जाणारा माणूस झाडाच्या रंगाचा होई.

हीच मर्यादा चाहत्यांना धरून ठेवते. चाळीच्या क्रिकेटमध्ये चेंडू पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला की आऊट, मग फलंदाज कितीही मोठा असो. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून कसब मोजता येते. ४८ केबीच्या प्रत्येक स्पेक्ट्रमची मेमरी तेवढीच, त्यामुळे कोणी त्यात अशक्य ते बसवले की दुसऱ्याला त्याची किंमत कळते. कमोडोर ६४ चे तसेच. बॉब यानेसने रचलेल्या त्याच्या ‘सिड’ या आवाजाच्या चिपमध्ये फक्त तीन सूर, पण सोबत फिल्टर. संगीतकार आजही त्या तिघांतच भांडार शोधतात. शिवाय या यंत्राचे सारे अंतरंग एका माणसाच्या डोक्यात मावते. आजच्या मोबाइलबद्दल असे कोण म्हणेल?

मुंबईत कोणते यंत्र रुजेल हे बरेचसे टीव्हीने आणि भिंतीतल्या प्लगने ठरवले. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ‘पाल’ या रंगीत टीव्हीच्या पद्धतीचे प्रक्षेपण. अमेरिकेहून कोणा नातेवाइकाने आणलेल्या संगणकाला ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागे, आणि तो लावूनही एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीचे चित्र बहुतेक टीव्हींवर नीट स्थिर होत नसे. ब्रिटिश यंत्राचे चित्र जमे, पण तिथे चित्र आणि ध्वनी यांच्या लहरींत ६ मेगाहर्ट्‌झचे अंतर, इथे ५.५; म्हणून आवाजाच्या जागी खरखर. स्पेक्ट्रमला हा त्रास नव्हता, कारण त्याचा ‘बीप’ त्याच्याच पोटातल्या स्पीकरमधून येई. अडचण एकच: त्याचे चित्र यूएचएफ या उच्च लहरींच्या पट्ट्यातल्या ३६ व्या चॅनेलवर येई आणि जुन्या कृष्णधवल टीव्हींना अनेकदा तो पट्टाच नसे. १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने परवानाधारक आवृत्ती भारतातच विकली. शाळांमध्ये मात्र १९८४-८५ च्या ‘क्लास’ या सरकारी संगणक-साक्षरता प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले. ते यंत्र सरस होते, पण शाळेचे. शाळेच्या वस्तूबद्दल आदर वाटतो. घरी नेऊन उघडून बघायची मुभा नसते.

टेपरेकॉर्डर तर घरोघरी होताच. कॅसेट लावली की पडद्याच्या कडांना लाल-आकाशी पट्टे, कर्कश शिट्टी, मग निळे-पिवळे पट्टे. ४८ केबी भरायला साडेचार-पाच मिनिटे. शेवटच्या क्षणी ‘टेप लोडिंग एरर’ आला की स्क्रूड्रायव्हरने टेपरेकॉर्डरच्या हेडचा बारीक स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. या खटपटीतूनच यंत्राशी सलगी होते.

जिव्हाळा टिकायला यंत्र दुरुस्त होणे भाग आहे, आणि मुंबईची खारी, दमट हवा त्याची परीक्षाच पाहते. कॅसेटला बुरशी, पिनांना गंज, कीबोर्डखालचा प्लास्टिकचा पडदा कडक होऊन तडकतो. त्यात लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, घाईने घेतलेला ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर घात करतो. बाजारातल्या बहुतेकांची आतली पिन धन, स्पेक्ट्रमला ती ऋण हवी. उघडलेल्या बोर्डावर खालच्या १६ केबीसाठी ४११६ नावाच्या मेमरी चिपच्या आठ आयसी ओळीने बसलेल्या दिसतात. त्यांना उणे ५, अधिक ५ आणि १२ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यांतले एक गेले की त्या धोक्यात येतात. वरच्या ३२ केबीची गोष्ट अधिक मजेशीर. तिथे ६४ किलोबिटच्या, पण अर्ध्या सदोष निघालेल्या चिप स्वस्तात वापरल्या आणि चांगला अर्धा भागच जोडला. कमोडोरच्या जुन्या पॉवर सप्लायवर मात्र विश्वास ठेवू नये. बिघडला की ५ व्होल्टच्या वर जाऊन मेमरी जाळतो.

हक्कांचाही भाग आहे. अ‍ॅमस्ट्रॅडने १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ५० लाख पौंडांना घेतला आणि १९९९ मध्ये स्पेक्ट्रमचा रॉम, म्हणजे यंत्रात कायमचा बसवलेला प्रोग्रॅम, इम्युलेटरसोबत (आजच्या संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमसोबत) वाटायला मोकळीक दिली. ज्यांच्याकडे मूळ यंत्र कधीच नव्हते, त्यांनाही मग दार उघडले. पण कमोडोर कंपनी १९९४ मध्ये बुडाली, तिचे नाव आणि हक्क हातोहात फिरले, तरी चाहते हलले नाहीत; म्हणजे हे कारण पूरक समजावे, मुख्य नव्हे.

दुर्मीळ आणि लाडके यांत गल्लत होते. स्पेक्ट्रमवर काम केलेल्या रिचर्ड आल्टवॉसर आणि स्टीव्हन व्हिकर्स यांनीच १९८२ मध्ये ज्युपिटर एस काढला. त्यात बेसिकऐवजी फोर्थ भाषा होती. तो थोडाच खपला आणि आज महाग विकला जातो. संग्राहक तो काचेच्या कपाटात ठेवतात. स्पेक्ट्रम टेबलावर राहतो, आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात.