एक्सरे क्लिअर आला म्हणजे कुत्र्याच्या मणक्यात काही नाही, असं नाही हो

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज कायम फिरत असतोय, की छोटं कुत्रं मागचे पाय ओढायला लागलं आणि एक्सरेत काही दिसलं नाही तर तो लकवा, तेल चोळा, बाकी उपाय नाही. माणसं काळजीपोटीच पाठवतात, पण गोष्ट वेगळी आहे.

एक्सरेत हाडं दिसतात. दोन मणक्यांमधली गादी सरकून आतल्या मज्जारज्जूवर दाबत असेल तर ती त्यात नीट दिसत नाही, तिथं एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो. डॅशहंडसारख्या बुटक्या, लांब पाठीच्या कुत्र्यांत हे फार होतंय, आणि एमआरआयला हलून चालत नाही म्हणून भूल देतात.

घरी एवढं बघा की, कुत्र्याला आधार देऊन उभं करा आणि मागचा पंजा हळूच उलटा जमिनीवर टेकवा. चांगलं कुत्रं लगेच सरळ करतंय, उलटाच राहिला किंवा वेळ लागला तर नसांचा प्रॉब्लेम असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बोटं जोरात दाबून कळ लागते का हे त्यांनाच तपासू दे, कारण ती जाणीव शिल्लक असेल तर बरीच कुत्री परत चालतात, कुणी ऑपरेशननं, कुणी चार-सहा आठवडे पिंजऱ्यातल्या सक्त विश्रांतीनं. जाणीव गेली असेल तर मात्र तासातासाला फरक पडतोय.

आणि चोळायचं नाही हं! आपली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन पण नको.