फळमाशीच्या अळीचा आहार आणि कोषाची जागा : पार्श्वभूमी

सोलापूरच्या बाजारात फुटलेल्या डाळिंबांवर जी चिलटे घोंघावतात, त्यांतली बरीचशी ड्रोसोफिला प्रजातीतली असतात. बागायतदार मात्र फळमाशी म्हणतो ती बहुधा बॅक्ट्रोसेरा, जिची अळी फळातून मातीत उतरून तिथेच कोषात जाते. हा फरक आधीच सांगितलेला बरा, कारण पुढचे सगळे विवेचन पहिलीबद्दल, म्हणजे ड्रोसोफिलाबद्दल आहे.

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत रवा, गूळ, यीस्ट आणि घट्टपणासाठी आगर शिजवून ती लापशी काचेच्या नळीत ओततात. अळी त्यात चार-पाच दिवस तोंड खुपसून खाते, तिसऱ्या म्हणजे अळीपणाच्या शेवटच्या अवस्थेच्या अखेरीस खाणे सोडून काचेवर चढते आणि लाळग्रंथींतून आलेल्या चिकट द्रवाने स्वतःला कायमचे चिकटवून घेते. कोषाला हलता येत नाही, त्यामुळे पातळ खाद्यावर तो बुडू शकतो. ही निवड एकदाच करायची असते.

अमेरिकी शास्त्रज्ञ मॉर्गन यांनी 1910 मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या माशीवरचे काम प्रसिद्ध केल्यावर ही माशी आनुवंशिकीची झाली, पण कोषाच्या जागेकडे पद्धतशीर लक्ष गेले ते बऱ्याच उशिरा. सोकाल आणि सहकाऱ्यांनी 1960 मध्ये या जागेवर परिणाम करणारे घटक तपासले. 1983 मध्ये सोकोलोव्स्की आणि हॅन्सेल यांनी खाताना लांब भटकणाऱ्या अळ्या एका जागी खाणाऱ्यांपेक्षा उंचावर कोषात जातात, असे दाखवले. माझ्या मते खरे वळण हेच, कारण खाण्याची रीत आणि निवाऱ्याची निवड इथे प्रथमच एका धाग्यात आली. पुढे दाटीच्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या माश्यांत ही उंची उत्क्रांत होते, हेही म्युलर आणि जोशी यांच्या प्रयोगांतून पुढे आले.

आहाराचा परिणाम दोन वाटांनी होतो आणि त्या वेगळ्या करणे अवघड आहे. साखर फार झाली किंवा यीस्टमधले प्रथिन कमी पडले, तर वाढ लांबते आणि अळी खाद्य सोडते तो क्षण बदलतो. पण गूळ किंवा यीस्ट बदलले की लापशीचा घट्टपणा आणि ओलावाही बदलतो, आणि अळी कदाचित त्यालाच प्रतिसाद देत असते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात, जेव्हा नळीतले खाद्य वरून लवकर सुकते, हा गोंधळ आणखी वाढतो. म्हणून आगराचे प्रमाण बदलून केलेली तुलना आणि खाद्याच्या पृष्ठभागापासून मिलिमीटरमध्ये मोजलेली कोषाची उंची, दोन्ही नोंदवहीत शेजारी-शेजारी हवीत.